पिकाचंही पोस्टमार्टेम असतं, ते करणाऱ्याला शिकवा



आज खत, फवारणी, बियाणं यावर लिहीत नाही. विषय जरा वेगळा आहे, पण शेवटी आपल्या खात्यात पडणाऱ्या किंवा न पडणाऱ्या पैशाचाच आहे. पोस्ट लांबली आहे, निवांत वाचा. कृषी खात्यातली आणि विमा कंपनीतली जी मंडळी हे पेज वाचतात, त्यांनी तर जरूर वाचा. राग आला तरी चालेल, पण उत्तर द्या.

तुळजापूरला वकिली करणारे एक ओळखीचे आहेत. परवा बोलता बोलता म्हणाले, विमा कंपनीच्या अधिकाऱ्यांसाठी, सर्वेअर लोकांसाठी आणि आम्हा वकिलांसाठी आता फॉरेन्सिक तपासाचे वर्ग असतात. नोकरी, वकिली चालू ठेवून करायचे. दुकानाला आग लागली तर ती कुठून सुरू झाली, गाडीचा अपघात खरा का बनाव, सही खरी का खोटी, मोबाईलमधला फोटो कधीचा आहे, असलं सगळं शिकवतात. मी विचारलं, "वकील साहेब, त्यात सोयाबीनचा एखादा धडा हाय का?" ते हसले. म्हणाले, "आमच्या वर्गात तरी नव्हता."

हसण्यावारी नेण्यासारखी गोष्ट नाही ही. माझं म्हणणं असं आहे की जो माणूस बांधावर येऊन नुकसान किती टक्के ते लिहितो, आणि जो वकील पुढं आयोगात किंवा कोर्टात त्या कागदावर भांडतो, त्या दोघांनाही पिकाचा तपास शिकवला पाहिजे. एकदा नाही, दरवर्षी. आणि तो वर्ग हॉटेलच्या हॉलमध्ये नाही, शेतात भरला पाहिजे.

फॉरेन्सिक म्हणलं की आपल्याला टीव्हीवरचं सीआयडी आठवतं. पण त्याचा साधा अर्थ एवढाच की घडून गेलेल्या गोष्टीच्या मागं ज्या खुणा राहिल्यात त्या ओळखायच्या, जपायच्या, आणि त्यावरून काय झालं, कधी झालं, कशामुळं झालं ते सांगायचं. १ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे आले. त्यात सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिक तज्ज्ञानं जागेवर जाऊन पुरावे गोळा करायचे, असं टप्प्याटप्प्यानं लागू करायचं ठरलंय. छत्रपती संभाजीनगरला त्याचं शिक्षण देणारी सरकारी संस्था आहे, तिथं प्रयोगशाळाही आहे. माणूस मेला तर पंचनामा, पोस्टमार्टेम, व्हिसेरा. जनावर मेलं तर जनावरांचा डॉक्टर पोस्टमार्टेम करतो. आणि चार एकर पीक मेलं तर? रस्त्यावर मोटारसायकल उभी करून एक फोटो.

२०२० सालानं काय शिकवलं

आपल्या जिल्ह्याला हे सांगायची गरज नाही, पण बाहेरचे वाचणारे आहेत म्हणून थोडक्यात सांगतो. ऑक्टोबर २०२० मध्ये काढणीला आलेल्या सोयाबीनवर पाऊस कोसळला. कुणाचं उभं होतं, कुणाचं कापून तासात पसरलेलं होतं, कुणाची बनीम लावलेली होती. तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे तुळजापूर तालुक्यात येऊन बघून गेले. पंचनामे झाले, सरकारी मदत वाटली गेली. म्हणजे नुकसान झालं हे सरकारला मान्य होतं. विम्याच्या वेळी मात्र लाखो शेतकऱ्यांना बजाज अलियान्झ कंपनीकडून नकार आला. कारण काय, तर नुकसान झाल्यावर ७२ तासांच्या आत कंपनीला कळवलं नाही.

प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात गेलं. मे २०२२ मध्ये खंडपीठानं साडेतीन लाखांपेक्षा जास्त शेतकऱ्यांना भरपाई द्या असा आदेश दिला. कंपनी सर्वोच्च न्यायालयात गेली, तिथंही शेतकऱ्यांचा हक्क टिकला. तरी पैशासाठी ऑक्टोबर २०२२ मध्ये आमदार कैलास पाटील यांना उपोषणाला बसावं लागलं. पीक गेलं २०२० ला आणि भांडण पोचलं २०२२ च्या दिवाळीपर्यंत.

यातली एक गोष्ट नीट बघा. एवढी मोठी लढाई झाली, पण मुख्य मुद्दा सोयाबीन कुजलं का नाही हा नव्हताच. मुद्दा होता कळवलं कधी. कुणाच्या रानात किती कुजलं, हे २०२२ मध्ये कोण कसं सांगणार? त्या रानात मधे ज्वारी, हरभरा होऊन गेला, पुढचं सोयाबीनही निघून गेलं. पिकाचा पुरावा चार-आठ दिवसांचा असतो. प्रेत शवागारात ठेवता येतं, भिजलेलं सोयाबीन ठेवता येत नाही. वापसा आला की रब्बीसाठी रान मोकळं करावंच लागतं. म्हणून पहिल्या चार दिवसांत जो माणूस येतो, त्याला डोळे असले पाहिजेत.

त्या माणसाला काय यायला पाहिजे

पीक विम्याच्या नियमात वेळ बांधून दिलेली आहे. शेतकऱ्यानं ७२ तासांत कळवायचं, कंपनीनं ४८ तासांत पाहणी करणारा नेमायचा, १० दिवसांत पाहणी पुरी करायची आणि अहवालानंतर १५ दिवसांत पैसे द्यायचे. पाहणीला कंपनीचा माणूस, कृषी अधिकारी आणि शेतकरी असे तिघं पाहिजेत. कागदावर उत्तम आहे. पण प्रत्यक्षात येणारा बहुतेक वेळा हंगामापुरता ठेवलेला पोरगा असतो. त्याच्या एकट्याच्या अंगावर चाळीस गावं टाकलेली असतात. माझा त्याच्यावर राग नाही. त्याला शिकवलंच नाही, तर तो काय करणार? मी चार उदाहरणं देतो, म्हणजे शिकवायचं काय ते कळेल.

१) पिवळं सोयाबीन. लांबून सगळं पिवळं एकसारखंच दिसतं. पण पाणी साचून पिवळं पडलेलं झाड उपटलं की मूळ तपकिरी-काळं निघतं, मुळावरच्या गाठी फोडल्या की आत गुलाबी रंग नसतो, पिवळेपणा खालच्या पानापासून वर चढलेला असतो. पिवळा मोझॅक असला तर वरच्या पानावर हिरवे-पिवळे ठिपके मिसळलेले दिसतात आणि शेतात पांढरी माशी असते. चुनखडी रानात लोह कमी पडलं तर कोवळ्या पानाच्या शिरा हिरव्या राहतात आणि मधला भाग पिवळा पडतो. चक्रीभुंगा असला तर खोडावर दोन गोल खाचा. खोडमाशी असली तर खोड चिरल्यावर आत लालसर बोगदा. पाच कारणं आणि पाच वेगळ्या खुणा. यातलं कुठलं विम्यात बसतं, कुठलं नाही, कुठलं किती टक्के, हे सगळं त्या खुणेवर ठरणार. एक झाड उपटून, एक खोड चिरून बघायला पाच मिनिटं लागतात. पण मी जे फॉर्म बघितलेत त्यात "पीक पिवळे पडले आहे" एवढंच लिहिलेलं असतं. हे म्हणजे डॉक्टरनं पोस्टमार्टेमच्या कागदावर "माणूस मेला आहे" लिहिण्यासारखं झालं.

२) गोगलगाय. २०२२ च्या जुलैत धाराशिव, लातूर, बीड या पट्ट्यात गोगलगाईंनी उगवतं सोयाबीन खाल्लं. लोकांनी दोन-दोन वेळा पेरलं. गोगलगाय रात्री खाते आणि दिवसा बांधाच्या दगडाखाली, पालापाचोळ्यात जाऊन बसते. दुपारी बारा वाजता आलेल्या माणसाला शेतात गोगलगाय दिसतच नाही, आणि तो लिहितो उगवण कमी, बियाणं खराब. सकाळी लवकर आला असता तर मातीवर तिची चमकणारी वाळलेली चिकट रेघ दिसली असती, कुरतडलेले कोंब दिसले असते, बांधालगत नुकसान जास्त आणि मधे कमी हेही दिसलं असतं. मग कशाचा तपास कुठल्या वेळेला करायचा, हेही शिक्षणच आहे.

३) काढणीच्या वेळचा पाऊस. शेंगेत कोंब आलेत का, ते बघायला शेंग उघडावी लागते. कोंब ताजा असेल तर पांढरा लुसलुशीत, चार दिवस झाले की सुकून दोरा होतो. दाण्याला काळे डाग, बुरशीचा वास, बनीम खालून गरम झालेली. वरची पेंडी कोरडी आणि हात घातला की आत वाफ. ज्याला माहीत आहे तो बनिमीत हात घालतो. ज्याला माहीत नाही तो वरून फोटो काढतो आणि १५ टक्के लिहून जातो.

४) रानडुक्कर आणि हरीण. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्रानं जाहीर केलं की खरीप २०२६ पासून वन्यप्राण्यांचं नुकसान पीक विम्यात जादा संरक्षण म्हणून घेता येईल. ७२ तासांत ॲपवर जागेसह फोटो टाकायचा. चांगली गोष्ट आहे. पण उद्या कंपनी म्हणणार हे तुमच्याच गुरांनी खाल्लं. मग? डुक्कर नाकाडानं माती उकरतं, भुईमूग उपटून टरफलं टाकतं, मका बुडातून मोडतं. हरीण कोवळे शेंडे खातं, माती उकरत नाही. मोकाट गाय मोठी लचकी तोडते आणि शेण टाकून जाते. खुराचा ठसा प्रत्येकाचा वेगळा. फोटो काढताना ठशाशेजारी काडेपेटी नाहीतर रुपयाचं नाणं ठेवलं की माप कळतं. वनखात्याच्या वनरक्षकाला हे येतं. विम्याच्या माणसाला यायला नको?

उसाच्या आगीचंही असंच आहे. तारा एकमेकींना घासून ठिणगी पडली म्हणायचं, तर तारेवर वितळलेले मणी असतात, खाली पडलेला तुकडा असतो, आग ज्या खांबाखालून सुरू झाली तिथं जळण्याची खूण वेगळी असते. अशा वेळी विद्युत निरीक्षकाचा अहवाल महत्त्वाचा ठरतो. तो यायच्या आत कुणी तार ओढून नीट केली, जळालेलं पाचट गोळा केलं, की अर्धा पुरावा गेला. ही गोष्ट वायरमनलाही माहीत पाहिजे, आपल्यालाही आणि वकिलालाही.

आता तर सगळा भार वजनकाट्यावर

कुणी म्हणेल, अण्णा, आता या पाहणीचा उपयोग काय? बरोबर आहे. २०२५ च्या खरिपापासून आपल्या राज्यानं एक रुपयातला विमा बंद केला, स्थानिक आपत्ती, काढणीनंतरचं नुकसान हे जादा भाग काढले आणि पीक कापणी प्रयोगावर आलेल्या उत्पादनावरच भरपाई ठेवली. त्याच वर्षी सप्टेंबरात मराठवाड्यात काय पाऊस झाला ते सगळ्यांनी बघितलं. रानं खरडून गेली. म्हणजे ज्या वर्षी जास्त गरज होती, त्याच वर्षी बांधावरच्या पाहणीचा रस्ता बंद होता.

पण त्यामुळं माझा मुद्दा कमी होत नाही, वाढतो. आधी एका शेताचा तपास चुकला तर एका शेतकऱ्याचं नुकसान व्हायचं. आता पीक कापणी प्रयोग चुकला तर अख्ख्या महसूल मंडळाचं होतं.

हिशोब करून दाखवतो. आकडे समजायला सोपे म्हणून घेतलेत. मागच्या सात वर्षांतल्या चांगल्या पाच वर्षांची सरासरी काढतात, आपल्याकडं त्याचे ७० टक्के धरून उंबरठा उत्पादन ठरवतात. समजा सरासरी हेक्टरी १५०० किलो आहे, तर उंबरठा झाला १०५०. यंदा मंडळात खरं उत्पादन आलं ७०० किलो. तूट ३५०, म्हणजे उंबरठ्याच्या ३३.३ टक्के. विमा रक्कम हेक्टरी ५०,००० धरली तर भरपाई होते साधारण १६,६६७ रुपये.

आता तेच प्रयोग पावसाच्या झडीत झाले आणि ओल्या दाण्याचं वजन तसंच लिहिलं. ७०० किलो हे वजन १२ टक्के ओलाव्याचं होतं. त्याच दाण्यात २३ टक्के ओलावा असला तर काट्यावर ८०० किलो भरतं. मग तूट २५० ची, भरपाई ११,९०५ रुपये. हेक्टरी पावणेपाच हजार रुपये पाण्याच्या वजनात गेले, आणि तेही मंडळातल्या प्रत्येक विमाधारकाचे.

अडत्याकडं माल नेला की ओलाव्याचं यंत्र आधी पोत्यात जातं. हमीभावाच्या खरेदीत १२ टक्क्यांवर एक टक्का जास्त निघाला तर माल परत पाठवतात. आपला माल घेताना एवढी काटेकोर मोजणी, मग आपल्या नुकसानीचा माल मोजताना ते यंत्र कुठं असतं? प्रयोगाच्या वेळी ओलावा मोजला का, वाळवून वजन केलं का, प्लॉट ठरलेल्या आकड्यानुसार निवडला का रस्त्याकडंचा सोयीचा घेतला, तुकड्याच्या चारी बाजू दोरीनं मापल्या का, सांडलेले दाणे वेचले का. हे सगळं तपासकामच आहे. आणि हे करणारे आपलेच तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक. आता त्यांची पदनावं बदलली, पण गावाच्या तोंडी हीच आहेत. त्यांच्यावर निवडणूक, जनगणना, ॲप, सगळंच लादलेलं. त्यांनाही हे शिक्षण पाहिजे.

पुढं उपग्रहाच्या फोटोवरून उत्पादन काढायची पद्धत येतेय. केंद्रानं २०२३ पासून भात आणि गव्हासाठी त्याला किमान ३० टक्के वजन दिलंय. येऊ द्या. पण वरून हिरवं दिसणारं सोयाबीन शेंगेत भरलंय का पोचट आहे, हे जमिनीवर बघणाऱ्यानंच सांगायचं. जमिनीवरचा आकडा कच्चा असला तर त्याच्याशी ताडून बघितलेला वरचा आकडाही कच्चाच राहणार.

"शेतकरीही बनवाबनवी करतात"

हे बोलणं मी ऐकलंय आणि ते टाळणार नाही. एक रुपयात विमा होता तेव्हा लाखांच्या संख्येनं बोगस अर्ज सापडले. सरकारी जमिनीवर, देवस्थानाच्या जमिनीवर, नसलेल्या बागेवर विमा उतरवलेला होता. त्यात काही सेवा केंद्रवाले होते, काही गावातलेच होते. झाकून ठेवण्यात अर्थ नाही. त्या चोरीचं खापर शेवटी खऱ्या शेतकऱ्याच्या डोक्यावर फुटलं. योजना महागली, भाग कमी झाले.

पण मंडळी, याच कारणासाठी मी तपास शिकवा म्हणतोय. तपास येत नाही तेव्हा कंपनी काय करते? सगळ्यांनाच चोर धरते. सरसकट नकार, नाहीतर सरसकट १५-२० टक्के. त्यात चोराचं फार जात नाही, त्याला फुकटात मिळालेलं असतं. ज्याचं ८० टक्के गेलं तो मरतो. बघणारा हुशार असला तर खोटं पकडलं जाईल आणि खरं लिहिलं जाईल. खऱ्या शेतकऱ्याला कडक तपासाची भीती नाही. त्याला भीती आहे न बघता लिहिणाऱ्याची.

शिकवणार कोण आणि कुठं

विमा नियामकाच्या २०१५ च्या नियमात परवानाधारक सर्वेअरचे जे विभाग आहेत त्यात आग, मोटार, सागरी यांच्याबरोबर पीक विमाही आहे. सर्वेअर लोकांची स्वतःची संस्था आहे. पुण्यात राष्ट्रीय विमा अकादमी आहे, तिथं विमा अधिकाऱ्यांचं प्रशिक्षण चालतं. म्हणजे चौकट तयार आहे. त्यात शेत घालायचं बाकी आहे.

आणि शेत आपल्याकडं आहे. तुळजापूरला परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचं कृषी विज्ञान केंद्र आहे. रोगाचे, किडीचे, मातीचे जाणकार तिथं बसलेले आहेत. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा कॅम्पसही तुळजापुरातच आहे. माझ्या डोक्यात आहे ते असं:

पहिलं. दरवर्षी दोन वेळा दोन-दोन दिवस. एकदा ऑगस्टमध्ये उभ्या पिकात, एकदा काढणीच्या तोंडाला. कंपनीचे पाहणीवाले, कृषी सहायक, तलाठी, ग्राहक आयोगात काम करणारे वकील, सगळे एका बांधावर. सोबत कृषी विज्ञान केंद्राचे शास्त्रज्ञ.

दुसरं. परीक्षा कागदावर नको. एकाच शेतावर दोघांना वेगवेगळं पाठवा आणि टक्के लिहायला लावा. एकानं ३० लिहिलं आणि दुसऱ्यानं ७०, तर दोघांनाही परत त्या शेतात बसवून कारण विचारा. असं चार शेतांवर केलं की डोळा बसतो. नव्या पोराला गवंडीकाम असंच शिकवतात, हाताखाली.

तिसरं. केंद्रानं जाणूनबुजून काही तुकडे खराब करून ठेवावेत. एक पाण्यात बुडवलेला, एक पाण्यावाचून वाळवलेला, एक तणनाशकाचा डोस चुकलेला, एक रोगाचा. शिकणाऱ्यानं ओळखायचं. डॉक्टर जसे मृतदेहावर शिकतात तसं.

चौथं. हे वर्ग केल्याचा दाखला नसेल तर त्या वर्षी पाहणीला जायचं नाही. वाहनचालकाला लायसन्स लागतं, लाखो रुपयांचं नुकसान लिहिणाऱ्याला का नको?

पाचवं. शिकवणाऱ्यांत शेतकरीही पाहिजेत. मी दहावी पास माणूस आहे, मला शास्त्रज्ञाची भाषा येत नाही. पण बनीम आतून तापलीय का नाही हे मला हात घातल्यावर कळतं, आणि हे कुठल्या पुस्तकात वाचून कळत नाही.

वकील साहेबांसाठी दोन शब्द

नव्या साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये मोबाईलमधला फोटो, व्हिडिओ पुरावा म्हणून द्यायचा तर त्यासोबत प्रमाणपत्र लागतं. त्यात ती फाईल नंतर बदललेली नाही हे दाखवणारा आकडा लिहावा लागतो, त्याला हॅश म्हणतात. गावात किती जणांना हे माहीत आहे? शेतकरी फोटो काढतो, व्हॉट्सॲपवर पाठवतो, आणि मूळ फोटो जागा भरली म्हणून उडवून टाकतो. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला की त्याच्या पोटातली तारीख, वेळ, जागेची नोंद निघून जाते. मग समोरचा वकील विचारतो, हा फोटो याच शेताचा कशावरून? म्हणून शेतकऱ्याची केस घेणाऱ्या वकिलांनी हे शिकावं आणि आपल्या पक्षकाराला नुकसान व्हायच्या आधी सांगावं. वर्षातून एकदा तालुक्याच्या वकील संघानं गावात येऊन एवढं जरी सांगितलं तरी मोठं काम होईल.

तोपर्यंत आपण काय करायचं

वर्ग भरतील तेव्हा भरतील. आपण एवढं तर करू शकतो:

– ई-पीक पाहणी वेळेत करा. सातबाऱ्यावर पीक नसेल तर पुढचं सगळं लंगडं.

– मोबाईलच्या कॅमेऱ्यात लोकेशन चालू ठेवा. फोटो तीन प्रकारचे काढा: लांबून अख्खं शेत, त्यात ओळखीची विहीर, झाड, खांब दिसेल असा, मधल्या अंतरावरून, आणि जवळून शेंग, मूळ, दाणा. मूळ फोटो उडवू नका. पाठवायचा झाला तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

– नुकसान झाल्यावर रान मोकळं करायचं तर करा, पण एका कोपऱ्यात चार-पाच तास तसेच सोडा. पाहणीवाला उशिरा आला तरी दाखवायला काहीतरी राहील.

– पावसाची नोंद ठेवा. मंडळाचं हवामान केंद्र दुसऱ्या गावात असतं. २४ तासांत ६५ मिलिमीटर झाला की अतिवृष्टी धरतात, आणि तिथं ६० पडला अन् तुमच्याकडं ९० पडला तर कागदावर ६०च राहतो. चार-पाच जणांत मिळून एक पर्जन्यमापक घ्या. पुरावा म्हणून तो किती चालेल हा नंतरचा प्रश्न, पण काहीच नसण्यापेक्षा वही बरी.

– १४४४७ वर तक्रार केली की तक्रार क्रमांक त्याच दिवशी वहीत लिहा.

– पाहणीच्या कोऱ्या फॉर्मवर सही करू नका. टक्केवारी लिहिल्यावरच सही, आणि सही झाल्यावर त्या कागदाचा फोटो. पाहणीला आलेल्या पोराशी भांडू नका, त्याला शेताच्या मधोमध घेऊन जा. चहा पाजा, झाड उपटून दाखवा.

– तुमच्या गावात पीक कापणी प्रयोग कधी, कुणाच्या शेतात आहे ते विचारा आणि जाऊन उभे राहा. वजन, ओलावा, माप बघा. तो प्रयोग त्या एकाच्या शेताचा नसतो, तुमच्याही विम्याचा असतो.

शेवटी एकच मागणी. दुकान जळालं तर आग समजणारा माणूस येतो, गाडी ठोकली तर गाडी समजणारा येतो. पीक गेलं तर पीक समजणारा माणूस यावा. तो आपल्या बाजूनं लिहील असं म्हणत नाही. जे आहे ते लिहील, एवढंच पाहिजे.

कृषी विज्ञान केंद्रातल्या साहेब लोकांना आणि मॅडमना विनंती, येत्या खरिपात असा एक दिवस ठेवता येईल का ते इथं खाली सांगा. लागलं तर जागेला माझं रान देतो, दुपारच्या भाकरीची सोय गाव करेल. आणि शेतकरी भावांनो, तुमच्याकडं पाहणीला आलेल्या माणसानं काय बघितलं आणि काय बघितलं नाही ते लिहा. कंपनीचं, माणसाचं नाव नको, फक्त पीक, महिना आणि काय झालं ते लिहा. अशी वीस-पंचवीस उदाहरणं जमली तर तीच त्या वर्गाचं पहिलं पुस्तक होईल.

आई राजा उदो उदो.